नऊ फुल्या

पुस्तक कितीही रंगीत कागदात गुंडाळा, ते पुस्तकच दिसतं. मऊ पुडकं असलं तर दाबून बघता येतं, मोजे असतील की मफलर असा अंदाज बांधण्यात दोन घटका मजेत जातात. पुस्तकाला चार कोपरे असतात आणि ते कशाखालीही लपत नाहीत. दारापुढचा बर्फ ओढून घामेजलेला एविंदुर घरात आला, बूट काढता काढता त्याची नजर नाताळच्या झाडाखाली गेली, आणि तिथे आपल्या नावाच्या चौकोनी पुडक्यांची हातभर उंच चळत बघून तो एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"या वर्षी सगळ्यांत मोठा ढीग तुझा आहे, बाबा!" स्वयंपाकघरातून त्याची लेक ओड्नी ओरडली. "आत्ताच हात लावायचा नाही हं. सहाच्या घंटा होऊ देत."

"मी कशाला लावतोय हात," एविंदुर म्हणाला आणि भिंतीला टेकून दुसरा बूट काढायला लागला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बूट काढणं हेच एक मोठं काम होऊन बसतं.

त्याने उभं आयुष्य मासेमारीच्या जहाजाच्या इंजिनघरात काढलं होतं. वाचायचं म्हणजे तेलाचा काटा, दाबाचा काटा, आणि घरी असला तर वाऱ्याचा अंदाज. त्यापलीकडे छापील अक्षराशी त्याचं कधी जमलं नाही. आइसलँडमध्ये नाताळला पुस्तक न देणाऱ्याला कंजूष म्हणतात आणि पुस्तक न वाचणाऱ्याला आजारी समजतात. तिथे असा माणूस इतकी वर्षं सुखाने जगला याचं सगळं श्रेय त्याच्या बायकोला, बेर्गथोराला.

बेर्गथोरा दोघांच्या वाटणीचं वाचायची. नोव्हेंबरात झाडून सगळ्या नव्या पुस्तकांची यादी टपालाने घरोघर येते. ती आली की बाई चष्मा चढवून टेबलापाशी बसायची आणि एकेक पुस्तकाची माहिती मोठ्याने वाचायला लागायची. समोर एविंदुर, कानावर सुतारकामाची पेन्सिल. एखाद्या पुस्तकावर ती "हूं" म्हणाली की त्याने त्यापुढे फुली मारायची. मग त्या फुल्यांतलं कुठलं तरी एक तो जवळच्या आकुरेरी गावातल्या दुकानातून घेऊन यायचा, आणि चोवीस डिसेंबरला जेवणं झाली की ताटं त्याच्या गळ्यात मारून बाई ते पुस्तक आणि चॉकलेटचा लाल डबा घेऊन अंथरुणात शिरायची. सकाळी कॉफीवर सगळी गोष्ट त्याला सांगायची, तीही शेवटाकडून. "कोण मेलं ते आधी सांगून टाकते," म्हणायची, "उगाच तुझा जीव टांगणीला नको." आणि गमतीची जागा यायच्या आतच स्वतः हसत सुटायची. अशी अठ्ठेचाळीस वर्षं गेली. एविंदुरने एकही पुस्तक वाचलं नव्हतं आणि त्याला अठ्ठेचाळीस पुस्तकं तोंडपाठ होती.

मे महिन्यात बेर्गथोरा गेली. सकाळी उठली, पडदा सरकवला, आणि परत पलंगावर बसली ती बसलीच. कोणाला दवाखान्याच्या चकरा मारायला लावल्या नाहीत. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण. एविंदुरला त्यात सोन्यासारखं काही दिसलं नाही.

आता फोन. फोन हा तिचा प्रांत होता. पोरांचा फोन चुकून एविंदुरने उचललाच तर तो म्हणायचा, "थांब, आईला देतो." पोटच्या पोरांशी तो जन्मभर फोनवर एवढंच बोलला होता. जूनमध्ये ओड्नीचा फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने तेच गेलं. "थांब, आईला देतो." पलीकडे ओड्नी एकदम गप्प झाली. दोघं बराच वेळ तशीच फोन कानाला लावून उभी राहिली, आणि मग ओड्नी म्हणाली, "रविवारी येते, बाबा."

तेव्हापासून ती दर रविवारी यायला लागली. आकुरेरी काही लांब नाही, गाडीने पाऊण तास. दातांच्या एका दवाखान्यात ती हिशेबनीस होती, नवऱ्यापासून कधीच वेगळी झाली होती, आणि मुलगी थुरी शिकायला राजधानीत. येताना सूप घेऊन यायची, जाताना घरभर नजर फिरवून जायची. ऑक्टोबरात तिने त्याला थुरीचा फोटो बघायला आपला फोन दिला. त्याच्या जाड्या बोटाने फोटो सरकला आणि खाली एक टिपण दिसलं. वर लिहिलं होतं, "बाबा". खाली ओळी होत्या. जून: फोन, आईला देतो म्हणाला. ऑगस्ट: शेगडी चालू राहिली. सप्टेंबर: मला आईच्या नावाने हाक. ऑक्टोबर: गाडीची किल्ली फ्रीजमध्ये.

किल्ली फ्रीजमध्ये गेली हे खरं होतं. पण त्या वेळी दोन्ही हातांत माशांचं टोपलं होतं, हे कोणी लिहिलं नव्हतं. एविंदुरने गुपचूप फोन परत दिला आणि "मुलगी गोड दिसते" म्हणाला.

डिसेंबरच्या सुरुवातीला ओड्नीने विषय काढला. आकुरेरीतल्या वृद्धांच्या घरात एक खोली रिकामी होणार होती. खिडकीतून खाडी दिसते, जेवण बरं असतं, पत्ते खेळायला माणसं असतात. तीन जानेवारीपर्यंत हो की नाही ते कळवायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार.

"माझी जबरदस्ती नाही, बाबा. पण एकट्याला झेपत नसेल तर..."

"झेपतंय," एविंदुर म्हणाला.

"नाताळ होऊ दे. मग ठरवू."

नाताळ होऊ दे म्हणजे मी तुला नीट बघते आणि मग ठरवते, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. त्याला दाल्विकचं आपलं घर सोडायचं नव्हतं. त्या घराच्या भिंतींनी अठ्ठेचाळीस गोष्टी ऐकल्या होत्या. नव्या खोलीच्या भिंतींना बेर्गथोरा कोण, हेही ठाऊक नसणार. पण खरं सांगायचं तर तो थकलाही होता. बर्फ ओढून थकला होता, एकट्यासाठी बटाटे उकडून थकला होता, आणि सगळ्यांत जास्त, आपण ठीक आहोत हे दर रविवारी सिद्ध करून थकला होता. कधी कधी वाटायचं, हो म्हणून टाकावं आणि सुटावं.

रेडिओवर सहाच्या चर्चच्या घंटा झाल्या आणि नाताळ सुरू झाला. जेवणं झाली. धुरावलेलं मांस ओड्नीने आईसारखंच केलं होतं, फक्त साखरेत घोळवलेले बटाटे जरा करपले होते, पण सगळ्यांनी ते संपवले. मग थुरी झाडाखाली मांडी घालून बसली आणि पुडकी वाटायला लागली. एकोणीस वर्षांची ती पोर, आजीचीच तीक्ष्ण हनुवटी घेऊन आलेली.

"हे आजोबांना. हेपण आजोबांना. हे नॉर्वेहून कारीमामाचं, तेही आजोबांना. आजोबा, तुम्ही काय या वर्षी दुकान टाकताय?"

पहिलं पुडकं सोडलं तर एका सुईणीचं चरित्र निघालं. दुसरी जाडजूड खुनाची कादंबरी. तिसरा कवितांचा पातळ संग्रह, वर पिवळी बोट. तिसऱ्याला एविंदुर चपापला. चौथं उघडताना आत काय असणार ते त्याला आधीच माहीत होतं, आणि तेच निघालं.

"बाबाने वाचायला घेतलंय!" ओड्नीला राहवेना. "अरे, तुझी यादी मला रेडिओशेजारी सापडली. फुल्या मारलेली. मी इतकी खूश झाले, तुला विचारलंसुद्धा नाही. पानांचे फोटो काढले आणि कारीला पाठवले. नऊ फुल्या, नऊ पुस्तकं, आम्ही वाटून घेतली. सुईणीचं मात्र दोघांनीही घेतलं, कारीने कधी कोणाचं ऐकून घेतलंय! पण ते बदलून आणू."

ती हे सांगत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. बाप जगण्यात मन घालायला लागला, असंच तिला वाटत होतं.

एविंदुर हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिला. ही त्याची पुस्तकं नव्हतीच. नोव्हेंबरात यादी आली, तो टेबलापाशी बसला, कानावर पेन्सिल ठेवली, आणि त्याने फुल्या मारल्या त्या बेर्गथोरासाठी. आता हे सांगायचं कसं? अगं पोरी, मी तुझ्या आईसाठी खुणा केल्या, असं म्हटलं की फोनमध्ये पुढची ओळ येणार. नोव्हेंबर: आई गेली हेच विसरला. आणि त्या ओळीनंतर पुढे काही लिहायची गरजच उरणार नाही.

"छान आहेत," तो म्हणाला. "सगळीच छान आहेत."

दहा पुडकी सोडेपर्यंत त्याचे गाल हसून हसून दुखायला लागले. थुरीने सगळी पुस्तकं त्याच्या मांडीवर रचली आणि फोटो काढला. त्या ढिगाऱ्याआडून त्याचं कपाळ तेवढं दिसत होतं.

नाताळच्या रात्री सगळा देश अंथरुणात पुस्तक घेऊन पडतो, तसा तोही पडला. सुईणीचं चरित्र उघडलं. दुसऱ्या पानावर सुईणीची आजी कुठल्या तरी डोंगरापलीकडून आली, आणि तिथेच एविंदुरचा डोळा लागला.

सकाळी कॉफीवर रिवाजाप्रमाणे गाडी पुस्तकांवर आली. कोणी काय वाचलं, किती वाजेपर्यंत वाचलं.

"तू कुठलं घेतलंस, बाबा?"

"सुईणीचं."

"अय्या, मीपण!" थुरी म्हणाली. "ते जास्तीचं होतं ना, ते मीच रात्री पळवलं. पहाटेपर्यंत जागून संपवलं. तुम्ही कुठवर आलात?"

एविंदुर कोंडीत सापडला. समोर ओड्नी पावाला लोणी लावता लावता कान टवकारून होती. त्याला बेर्गथोराची रीत आठवली, शेवटाकडून सांगायची. सुईण, पश्चिमेकडचा किनारा, जुना काळ. शेवट काय असणार?

"संपलंच म्हण ना," तो म्हणाला. "वाईट वाटलं. शेवटी ती बुडते. नावेतून बाळंतपणाला जाताना. वादळात."

थुरीचा घास तोंडाशीच थांबला. "पण आजोबा... ते चरित्र तर तिनेच सांगून लिहून घेतलंय. नव्वद वर्षांची होऊन. बुडाली असती तर सांगितलं कोणी?"

कोणी हसलं नाही. ओड्नीने लोण्याची सुरी हळूच बशीत ठेवली. "दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं असेल," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. लहान पोराशी किंवा आजाऱ्याशी बोलावं तो सूर. मग ती उठून न्हाणीघरात गेली, आणि जाताना फोन घेऊन गेली.

खोटं बोलायला गेला आणि तोंडावर आपटला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वाचलं नाही हे लपवायला गेला, आणि तिच्या मनात बसलं की वाचलं आणि विसरला.

सत्तावीस तारखेला दुकानं उघडतात आणि अर्धा देश काखेत पुस्तकं मारून रांगेत उभा राहतो. दोनदा आलेलं, न आवडलेलं, आधीच वाचलेलं, सगळं बदलून मिळतं. पुस्तकामागे तशी चिठ्ठीच डकवलेली असते. थुरी राजधानीला परतली होती. सुईणीची जास्तीची प्रत घेऊन ओड्नी आणि एविंदुर आकुरेरीला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, अकरा वाजले तरी धड उजाडलेलं नाही.

"दुकानापासून जवळच आहे ते," अर्धा रस्ता गेल्यावर ओड्नी म्हणाली. "ती खोली. नुसती बघून येऊ या?"

एविंदुर खिडकीबाहेर बघत होता. नाही म्हणायला जोर लागतो, आणि त्याच्यात तो उरला नव्हता.

"बघू," तो म्हणाला.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे नाताळाने दमलेले, खाऊन सुजलेले चेहरे. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. बदलीच्या टेबलामागे दुकानातली जुनी सिग्नी होती. साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, आणि सकाळपासून बोलून बोलून घसा बसलेला. एविंदुरला बघताच ती टेबलावरून पुढे झुकली.

"एविंदुर, तू! बेर्गथोराचं कळलं रे. फार वाईट वाटलं." तिने त्याचा हात धरला. "दर वर्षी सत्तावीसला माझं पहिलं गिऱ्हाईक तीच. मी कुलूप काढायच्या आत पायरीवर उभी. काखोटीला जहाजाचं पुस्तक."

"कुठलं जहाजाचं पुस्तक?" ओड्नीने विचारलं.

"तेच गं, दर वर्षीचं. म्हणायची, माझ्या नवऱ्याला कोणीतरी दर नाताळला जहाजांचं पुस्तक देतं. तो उघडतसुद्धा नाही आणि मला जहाजांचा वीट आलाय, जन्मभर एक जहाज घरात वागवलंय. दे बदलून. आणि स्वतःला एक मस्त खुनाची कादंबरी घेऊन जायची." सिग्नी हसली. "कोण देत असेल बाई इतक्या चिकाटीने!"

ओड्नीचे कान लाल झाले. "मी," ती म्हणाली. "बावीस वर्षं. मी देत होते."

सिग्नीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला.

"बाबा, तुला माहीत होतं?"

"मला वाटायचं कपाटात असतील," एविंदुर खरं तेच बोलला.

"बावीस वर्षं! वेचून वेचून आणायची मी! वाफेची जहाजं, शिडाची जहाजं, इंजिनांचे नकाशे असलेलं ते केवढं थोरलं... सगळं पालथ्या घड्यावर पाणी! आणि आई मला दर वर्षी सांगायची, बाबाला फार आवडलं गं!" आणि ओड्नी हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग टेबलाला धरून. ते हसू एविंदुरने मे महिन्यानंतर ऐकलंच नव्हतं. हुबेहूब आईचं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"मग या वर्षी काय दिलंस?" सिग्नीने डोळे पुसत विचारलं.

"या वर्षी त्याने स्वतःच खुणा केल्या होत्या." ओड्नी बोटांवर सांगायला लागली. "हे सुईणीचं. ती जाड खुनाची. पिवळ्या बोटीच्या कविता. दोघी बहिणी मेंढ्या पाळतात ते..."

सिग्नी ऐकता ऐकता मान हलवायला लागली. "अगं, ही तर बेर्गथोराची पुस्तकं. नुसती यादी दाखवून कोणाची म्हणून विचारलं असतंस ना, तर मी डोळे मिटून तिचं नाव घेतलं असतं."

ओड्नीचं हसू तिथेच विरलं. तिने हळूच मान वळवून बापाकडे पाहिलं. मागून कोणीतरी खोकलं. रांग खोळंबली होती.

"जरा बसू या," एविंदुर म्हणाला. "पाय दुखतायत."

खिडकीपाशी मुलांची पुस्तकं होती, तिथे एक बुटकं बाक होतं. दोघं गुडघे वर घेऊन त्यावर बसली. बाहेर आता उजाडायला लागलं होतं.

"त्या फुल्या तुझ्या आईसाठी होत्या," एविंदुर म्हणाला.

पर्सचा पट्टा ओड्नीने दोन्ही हातांनी धरला होता.

"यादी हातात घेतली तेव्हा ती गेलीये हे मला पक्कं माहीत होतं. टाकून देणार होतो. मग वाटलं, बघू तरी. मी तिच्यासारखं मोठ्याने वाचायला लागलो. एकटाच. आणि कुठे कुठे मला 'हूं' ऐकू यायला लागलं. म्हणजे, ती कुठे 'हूं' म्हणाली असती ते कळायला लागलं. मी फुल्या मारत गेलो. संपल्यावर खोलीकडे तोंड करून विचारलं, काय गं, नऊ पुरे ना? उत्तर आलं नाही तेव्हा आठवलं." त्याने गुडघा चोळला. "मधल्या वेळात मला माहीत होतं की नव्हतं, हे मला सांगता यायचं नाही, ओड्नी. मी फार विचार केला त्यावर. नाही सांगता येत. तू लिही तुझ्या त्या टिपणात. लपवून लपवून मी थकलो गं."

"तू पाहिलंस ते?"

"ऑक्टोबरात. आणि एक. सुईण बुडाली ते मी विसरलो म्हणून नव्हे. मी वाचलंच नव्हतं. दुसऱ्या पानावर झोपलो. ते नुसतं खोटं बोललो. तेवढं मात्र खोड."

ओड्नीने पर्स उघडली, आत हात घातला आणि चॉकलेटचा लाल डबा काढून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. त्याला अजून दुकानाची फीत बांधलेली होती.

"हा आईचा," ती म्हणाली. "तेवीस तारखेला घेतला. रांगेत अर्धा तास उभी राहिले. फीत बांधायला सांगितली, तिला निळी आवडते म्हणून निळी. गाडीत बसल्यावर थुरीने विचारलं, हा कोणाला गं?" तिने बोटाने फीत सरळ केली. "तेव्हा मला कळलं. चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. टाकवत नाही आणि खाववत नाही. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, बाबा. माझं टिपण कोण करणार?"

बोलण्याचं खातं कधी एविंदुरकडे नव्हतंच. त्याने आपल्या जाड्या बोटांनी निळी फीत सोडवली, नीट गुंडाळून खिशात ठेवली, डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला. तिने एक घेतलं. त्याने एक घेतलं. दोघं मुलांच्या बाकावर बसून मुकाट्याने चॉकलेट खात राहिली. रडतही होती, पण चॉकलेट चांगलं होतं.

"चल," शेवटी एविंदुर उठला. "ती खोली बघायची आहे ना. तू म्हणतेस तर बघू."

"नाही बघायची."

"अगं, मी बघतो म्हणतोय."

"पुढे कधी लागली तर लागली. या वर्षी नाही. मी त्यांना कळवते, दुसऱ्याला द्या." तिने नाक पुसलं. "पण रोज फोन करणार. आणि तू बोलायचंस. 'बरं आहे' म्हणून ठेवून द्यायचा नाही. शेगडीला ते आपोआप बंद होणारं बटण बसवून घेणार, त्यावर तू कुरकुर करायची नाहीस."

"नाही करणार. पण रोज काय बोलणार मी?"

"घरात नऊ पुस्तकं पडलीयेत."

"मला नाही गं वाचवत."

"तुला कोण वाच म्हणतंय? गाढवाला गुळाची चव काय! मी वाचीन. मी सांगीन. तू ऐक. तेवढं तर येतं ना तुला?"

"ते येतं," एविंदुर म्हणाला. "त्यात मी अठ्ठेचाळीस वर्षं काढलीयेत."

दोघं टेबलापाशी परत आली तेव्हा सिग्नीने सुईणीची जास्तीची प्रत घेऊन बाजूला ठेवली होती. "बदल्यात काय देऊ?" तिने विचारलं. हा प्रश्न एविंदुरला जन्मात कोणी विचारला नव्हता. त्याने दुकानभर नजर फिरवली, कान खाजवला, आणि ओड्नीकडे न बघता म्हणाला, "जहाजांचं एखादं दे. इंजिनाचे नकाशे असलेलं. या वेळी उघडून बघतो."

तीन जानेवारीला दुपारी फोन वाजला. एविंदुर खिडकीपाशी होता. बंदरात एक जहाज बर्फ झाडून निघायच्या तयारीत होतं. शेगडीला नवं बटण बसलं होतं आणि ते कॉफी उकळायच्या आतच बंद होत होतं, पण तो कुरकुर करत नव्हता. त्याने फोन उचलला.

"बाबा, सकाळी त्यांना नाही म्हणून कळवलं," ओड्नी म्हणाली. "आणि सुईण झाली वाचून."

"थांब," एविंदुर म्हणाला.

पलीकडे एकदम शांत झालं. श्वाससुद्धा ऐकू येईना. ती कशाला घाबरली ते त्याला बरोबर कळलं, आणि त्याने घाई केली.

"थांब, खुर्ची ओढून घेतो. हं. बसलो. आता सांग, कोण मेलं?"

आणि पलीकडे ओड्नी सांगायच्या आधीच हसत सुटली.